निळं, नारिंगी आणि पोरकं

टोरंटो शहरातून उत्तरेकडे यंग स्ट्रीट नावाचा लांबलचक रस्ता निघतो. त्या रस्त्यावर रिचमंड हिल या गावी १९२३ साली मुलांसाठी एक मोठी वास्तू उभी राहिली. तिचं नाव ‘लॉयल ट्रू ब्लू अँड ऑरेंज होम’. कॅनडातल्या दोन प्रॉटेस्टंट संघटनांनी ती चालवली. या संघटनांचे सभासद एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणत. नाव मराठीत उतरवायला गेलं तर ‘एकनिष्ठ, अस्सल निळं आणि नारिंगी घर’ असं काहीतरी होतं आणि वाटतं, ही रंगाच्या दुकानाची पाटी असावी. आईबाप गेलेल्या मुलांना इथे आसरा होता, हे नावावरून कुणाच्याही ध्यानात येणार नाही. एवढ्या लांब नावात ‘मूल’ नाही, ‘अनाथ’ही नाही. जे आहे ते सगळं देणाऱ्यांबद्दल आहे. घेणाऱ्याबद्दलचा शब्द आपल्याला दुसरीकडे शोधावा लागतो, आणि तो शोधताना फार लांब जाऊन पुन्हा मराठीतच यावं लागतं.

आधी पाटीवरचे रंग बघू. त्यातला नारिंगी तर आपल्याकडचाच माल आहे. संस्कृतातला ‘नारंग’ हा शब्द मुळात दक्षिणेकडचा, द्राविडी घरातला समजतात. मल्याळममध्ये आजही लिंबाच्या जातीच्या फळाला ‘नारङ्ङा’ म्हणतात. तिथून तो फारसीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’, स्पॅनिशमध्ये ‘नारान्हा’ असा गेला. इटली-फ्रान्सकडे पोचेपर्यंत त्याचा सुरुवातीचा ‘न’ गळाला, कारण आधीच्या ‘उन’ या उपपदात तो कुणाच्या लक्षात न येता मिसळून गेला. उरलं ते ‘ऑरेंज’. आपण मात्र ‘नारिंग’ जवळजवळ टाकून दिलं. नागपूरच्या फळाला संत्रं म्हणतो, रंगाला केशरी म्हणतो, आणि ‘नारिंगी’ हा शब्द साडीच्या दुकानात आणि शाळेतल्या इंद्रधनुष्यात तेवढा राहिला आहे.

गंमत अशी, की रिचमंड हिलच्या पाटीवरचं ‘ऑरेंज’ या फळाचं नव्हेच. ते एका गावाचं आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला ऑरेंज नावाचं गाव आहे. रोमन काळात त्याला ‘अराउझिओ’ म्हणत आणि हे नाव केल्टिक लोकांच्या एका जलदेवतेवरून आलं असं सांगतात. ‘अराउझिओ’ झिजत झिजत ‘ऑरेंज’ झालं, आणि त्याच सुमारास भारतातून निघालेलं फळही झिजत झिजत त्याच उच्चाराला येऊन पोचलं. दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेले दोन पाहुणे एकाच दारात भेटावेत तसं. १५४४ साली ही छोटी जहागीर नासाउ घराण्याच्या विल्यमकडे वारशाने आली. वारशाने, हे लक्षात ठेवा; पुढे लागणार आहे. त्याच घराण्यातला तिसरा विल्यम पुढे इंग्लंडच्या गादीवर बसला आणि १६९० साली आयर्लंडमध्ये बॉइन नदीकाठी त्याने आपल्या कॅथलिक सासऱ्याचा, दुसऱ्या जेम्सचा, पराभव केला. त्या विजयाची आठवण धरून १७९५ साली आर्मा परगण्यातल्या प्रॉटेस्टंटांनी जी संघटना काढली ती ऑरेंज ऑर्डर. गावाच्या नावावरून राजा, राजाच्या नावावरून संघटना, आणि संघटनेच्या नावातलं फळ ऐकून गळ्यात नारिंगी पट्टा. बारा जुलैला बेलफास्टच्या रस्त्यावरून ढोल वाजवत जाणाऱ्या ऑरेंजमनच्या छातीवर रंग आहे तो एका शब्दसाम्याच्या अपघाताचा. ज्याच्यावरून दंगली झाल्या, तो रंग मुळात श्लेष आहे!

निळ्याची कथा उलटी आहे. ‘ट्रू ब्लू’ म्हणजे ज्याचा रंग धुण्यात जात नाही ते. मध्ययुगात इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीच्या निळ्या कापडाची तशी ख्याती होती. पुढे सतराव्या शतकात स्कॉटलंडमधल्या कव्हेनंटर पंथाच्या लोकांनी राजाच्या लाल रंगाविरुद्ध निळा उचलला आणि ‘ट्रू ब्लू’ला पक्क्या प्रेस्बिटेरियनाचा अर्थ चिकटला. आपण माणसाला ‘पक्का’ म्हणतो तेव्हा मडकं भाजलेलं असतं, त्यांचं कापड रंगवलेलं असतं; मुद्दा एकच, पाण्याने विरघळायचं नाही. कव्हेंट्रीचा तो निळा वोड नावाच्या युरोपी झाडाचा होता. भारतातली नीळ युरोपात आली तेव्हा वोडवाल्यांनी तिला सैतानाचा रंग म्हणून बंदी घालायला लावली होती. म्हणजे पाटीवरचं नारिंगी ऐकायला भारतीय आणि मुळात फ्रेंच, तर निळं दिसायला आपल्या निळीसारखं आणि मुळात तिचंच वैरी. रंगांवर विसंबू नये हे बरं.

‘लॉयल’बद्दल एवढंच, की हा शब्द आणि ‘लीगल’ हे एकाच लॅटिन आईचे जुळे आहेत. एक फ्रेंच आजोळी वाढला, एक कोर्टात. ‘प्रॉटेस्टंट’ म्हटल्यावर आपल्याला निषेध करणारा, घोषणा देणारा डोळ्यांपुढे येतो. १५२९ साली स्पायरच्या सभेत जर्मन राजेरजवाड्यांनी निषेध नोंदवला हे खरंच, पण शब्दाच्या पोटात ‘टेस्टिस’ म्हणजे साक्षीदार आहे. मराठी ख्रिस्ती मंडळी चर्चमध्ये आपला अनुभव सांगतात त्याला ‘साक्ष देणं’ म्हणतात. तो शब्द मुळाच्या जास्त जवळ आहे. याच साक्षीदारातून ‘टेस्टमेंट’ निघालं. ते बायबलचंही नाव आणि मृत्युपत्राचंही. पुन्हा वारसा.

आता सभासदांच्या त्या ‘ब्रदर’कडे, म्हणजे असल्या बंधुसंघांना लावतात त्या ‘फ्रॅटर्नल’ शब्दाकडे. लॅटिन ‘फ्राटेर’, संस्कृत ‘भ्रातृ’, मराठी ‘भाऊ’. नातं इतकं सरळ की सांगायलाही नको. पण भावातून दोन्ही भाषांनी काय काढलं ते बघा. त्यांनी ‘फ्रॅटर्निटी’ काढली आणि तिचं एक मूल्य केलं. आपण ‘भाऊबंदकी’ काढली. बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, आजोबांच्या वाटणीवरून तीन पिढ्या कोर्टात जाणं म्हणजे भाऊबंदकी. खाडिलकरांनी पेशव्यांच्या घरातल्या कलहावर नाटक लिहिलं, तेव्हा नाव शोधायला त्यांना लांब जावं लागलं नसेल. मराठी माणूस भावंडांच्या प्रेमाबद्दल कमी जाणतो असं नव्हे. भाऊबीज आपलीच आहे. पण भाऊपणा संस्थेच्या पातळीवर गेला की त्याला वाटणीचा वास येतो, हे मराठीने फार लवकर ओळखलं.

त्या बंधुसंघांचा भाऊपणाही नुसता ढोलाताशांचा नव्हता. एकोणिसाव्या शतकात, सरकारी पेन्शन नाही, विमा गरिबाच्या आवाक्यात नाही, अशा काळात खाणीत, बंदरात, गिरणीत माणूस मेला तर मागे बायकोपोरांचं काय, या प्रश्नाला लॉजने उत्तर दिलं. जिवंतपणी आठवड्याला चार पैसे टाकायचे, मेल्यावर भावांनी पोरांकडे बघायचं. ‘लॉज’ म्हटलं की आपल्याला एस. टी. स्टँडसमोरची ‘राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’ आठवते, आणि तो अर्थ मुळापासून फार लांब नाही. जुन्या जर्मनिक बोलीत पानांच्या आडोशाला जो शब्द होता त्याच्यातून फ्रेंच ‘लोज’ आलं, म्हणजे पर्णकुटीच. मोठी चर्चं बांधणारे पाथरवट बांधकामाशेजारी असली खोपटी टाकून राहत. त्या खोपटीवरून त्यांच्या संघाला लॉज म्हणू लागले, पाथरवटांवरून फ्रीमेसनांनी ते नाव घेतलं आणि फ्रीमेसनांचा साचा ऑरेंज ऑर्डरने उचलला. हिंदुस्थानात गोऱ्या साहेबांच्या मेसनिक लॉजला लोक ‘जादूघर’ म्हणत. दारं बंद करून आत काय करतात कळत नसे, तेव्हा दुसरं काय म्हणणार?

आयर्लंडमध्ये मेलेल्या भावांची पोरं सांभाळण्याच्या ऑरेंज ऑर्डरच्या कामाला एका उमरावाचं नाव आहे: लॉर्ड एनिस्किलन मेमोरियल ऑर्फन सोसायटी. हे तिसरे लॉर्ड एनिस्किलन ऑर्डरचे ग्रँड मास्टर होते, १८८६ साली वारले. जगाला ते आठवतात ते माशांच्या जीवाश्मांसाठी. मित्राबरोबर युरोपभर हिंडून त्यांनी दगडात रुतलेले हजारो मासे जमवले, पुढे तो संग्रह ब्रिटिश म्युझियमने घेतला. मला शब्दांचा नाद असल्यामुळे असेल, पण हा गृहस्थ मला आवडतो. शब्दाचा इतिहास बघणंही तेच आहे: दगड फोडायचा आणि आतला मासा पोहत असताना कसा दिसत असेल याचा अंदाज करायचा.

तर ‘ऑर्फन’ हा दगड फोडू.

इंग्रजीत तो लॅटिनमधून आणि लॅटिनमध्ये ग्रीक ‘ऑर्फानोस’मधून आला. त्याच्या मागे भाषाशास्त्रज्ञ एक आदिम धातू मांडतात, ‘ओर्भ’सारखा काहीतरी. अर्थ: एका हातातून दुसऱ्या हातात जाणं, एका मालकीतून, एका आधारातून सुटून दुसऱ्याकडे येणं. बाप मेला की दोन गोष्टी हस्तांतरित होतात, त्याची जमीन आणि त्याचं मूल. म्हणून याच धातूतून जर्मनला ‘एर्बे’ म्हणजे वारसा मिळाला आणि जुन्या आयरिशला ‘ओर्बे’, त्याचाही अर्थ वारसाच. ग्रीकाने जमिनीकडे न बघता मुलाकडे बघितलं आणि त्याला म्हटलं ‘ऑर्फानोस’. एकाच घटनेचे दोन साक्षीदार.

पण गोष्ट इथे थांबत नाही. ज्याचा बाप गेला आणि जो दुसऱ्याच्या दारात आला त्याला काय करावं लागतं? काम. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ जर्मन ‘आर्बाइट’ म्हणजे श्रम याच घरात घालतात. स्लाव भाषांत ‘राब’ म्हणजे गुलाम, ‘रोबोता’ म्हणजे वेठ. ‘राब’ ऐकून आपल्या ‘राबणं’कडे कान जातो, तो मोह आवरलेला बरा. चेक भाषेतल्या वेठीवरून कारेल चापेकने १९२० साली आपल्या नाटकातल्या यंत्रमाणसांना नाव दिलं ‘रोबोट’, आणि शब्द सुचवला होता त्याच्या भावाने. अनाथ, वारस, वेठबिगार आणि रोबोट ही एकाच पोटची भावंडं. यांच्यात खरी भाऊबंदकी आहे: एकाच क्षणी बाप गेला, एकाला जमीन मिळाली आणि दुसऱ्याला खुरपं.

हा नुसता शब्दांचा खेळ वाटत असेल तर पुन्हा कॅनडात चला. १८६९पासून विसाव्या शतकाच्या तिशीपर्यंत ब्रिटनमधून एक लाखाहून अधिक मुलं जहाजात बसवून कॅनडाला धाडली गेली. धाडणाऱ्या संस्था धार्मिक, दानशूर, डॉक्टर बर्नार्डोंसारख्या नामांकितांच्या. मुलांना ‘अनाथ’ म्हटलं जाई, पण त्यांतल्या बहुतेकांचे आई किंवा बाप जिवंत होते. गरिबी तेवढी होती. इकडे आल्यावर मुलगे शेतावर आणि मुली घरकामाला. ऑर्फन आणि आर्बाइट पुन्हा एका छपराखाली आले. या मुलांना नाव पडलं ‘होम चिल्ड्रन’, कारण ती ‘होम’मधून आलेली. गावातल्या पोरांनी ‘होम बॉय’ म्हणून हिणवायचं. घर नसलेल्यालाच घराचं नाव शिवी म्हणून मिळालं! २०१० साली ब्रिटिश पंतप्रधानांनी या प्रकाराबद्दल संसदेत माफी मागितली.

‘होम’ची अशी दशा मराठीतही झाली आहे. मी लहान असताना वाड्यातली एक आजी मस्ती करणाऱ्या पोरांना म्हणायची, “रिमांड होमात टाकीन हं!” आमच्या पिढीचा ‘होम’ शब्दाशी पहिला परिचय तो. वास्तविक ‘होम’च्या मुळाशी वस्ती करणं, टेकणं हा धातू आहे आणि संस्कृत ‘क्षेम’ त्याचाच सोयरा, असं एक मत आहे. मुंबईत आयुर्विमा महामंडळाच्या मुख्यालयाचं नाव ‘योगक्षेम’ आहे. लॉजवाल्या भावांनी वर्गणी काढून जे केलं तेच काम करणाऱ्या कचेरीला कुणीतरी नकळत ‘होम’ म्हणून ठेवलं.

आपण या मुलांना काय म्हणत आलो? ‘अनाथ’ म्हणजे ज्याला नाथ नाही तो. वेदात ‘नाथ’ हा माणूस नव्हता, आसरा होता, मदत होती. पुढे तो धनी झाला, स्वामी झाला, पती झाला. त्यामुळे संस्कृत-मराठीत अनाथ व्हायला लहान असावं लागत नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात संस्था काढली तिचं नाव ‘अनाथ बालिकाश्रम’. आजचा वाचक समजेल आईबाप नसलेल्या मुलींचा आश्रम. तो होता विधवांसाठी. नवरा हाच नाथ, तो गेला की आई, बाप, सासू, सासरे, दीर सगळे हयात असून बाई अनाथ. आणि तिचं वय बरेचदा खरंच बालिकेचं असे, म्हणून नावात खोटं काहीच नव्हतं. अंगावर काटा येतो तो त्यामुळेच.

त्या संस्थेच्या मागे प्रॉटेस्टंट धागाही आहे. कर्व्यांची दुसरी पत्नी, पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. १८८९ साली मुंबईत निघालेलं सदन पुढे पुण्यात आलं, मुली ख्रिस्ती होतील या भीतीने १८९३ साली वादळ उठलं आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. हीच भीती आयर्लंडमध्ये अनाथ मुलांभोवती घोंघावत होती. डब्लिनची प्रॉटेस्टंट ऑर्फन सोसायटी १८२८ची. आपल्या पंथाचं पोर कॅथलिकांच्या हाती जाऊ नये म्हणून ते प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांच्या घरी वाढवायला द्यायचं, ही तिची पद्धत. कॅथलिकांना नेमकी उलटी भीती. पोरक्या मुलाला भाकरी कुणी घालायची यापेक्षा त्याने प्रार्थना कुणाच्या शब्दांत म्हणायची, यावर जास्त रण पेटलं. या संस्थांचं दान खरं होतं, त्यांनी मुलं जगवली. पण दाराशी पंथ विचारून मगच कडी काढली हेही खरं. मला तरी यातली एक बाजू सांगून दुसरी गिळता येत नाही. रमाबाईंनी मात्र आपल्या संस्थांच्या नावांत ‘अनाथ’ घातलं नाही. शारदा सदन, कृपा सदन, मुक्ती सदन. केडगावला १८९६-९७च्या दुष्काळातल्या उपाशी मुली आल्या त्या या शब्दांखाली.

‘अनाथ’ शब्द काढून टाकावा अशी मागणी आपल्याकडे कोर्टापर्यंत गेली आहे. त्याऐवजी ‘स्वनाथ’ म्हणावं, अशी याचिका एका संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात केली होती. सप्टेंबर २०२२मध्ये न्यायालयाने ती नाकारली. या शब्दात कलंक कसला, असं न्यायमूर्तींचं म्हणणं पडलं. मला स्वतःला ‘स्वनाथ’ पटत नाही. सहा वर्षांच्या मुलाला ‘तूच तुझा नाथ’ म्हणणं हा गौरव नव्हे, ती जबाबदारी झटकणं झालं. १८६६ साली निघालेल्या बेलफास्टच्या प्रेस्बिटेरियन ऑर्फन सोसायटीने नाव बदललं तेव्हा ‘ऑर्फन’ काढून साधं ‘चिल्ड्रन’ घातलं. हे बरं वाटतं. मराठीत ‘बालकाश्रम’ म्हणणाऱ्यांनी ते आधीच केलं होतं.

बोलीत आपण ‘अनाथ’ म्हणतच नाही, ‘पोरकं’ म्हणतो. त्यात ‘पोर’ स्पष्ट ऐकू येतं, म्हणून साठीच्या माणसाची आई गेली तरी तो पोरकाच होतो. पुढारी गेला की गाव पोरकं होतं. अनाथ म्हणजे कोण नाही ते सांगणारा शब्द, पोरकं म्हणजे कसं वाटतं ते सांगणारा. सरकारी कागदाला वाटणं चालत नाही, म्हणून दाखला ‘अनाथ प्रमाणपत्रा’चा मिळतो. महाराष्ट्रात २०१८पासून त्यावर एक टक्का आरक्षण आहे, तेव्हा नकोशा शब्दासाठी लोक आता कचेरीत खेटे घालतात. अशा मुलांना इंग्रजीत ‘डिसॲडव्हांटेज्ड’ म्हणतात, त्यात कुणाचाच हात दिसत नाही. मराठीतला ‘वंचित’ मात्र मुळात ‘फसवला गेलेला’ आहे. कुणी फसवलं, हे विचारायची जागा तो ठेवतो.

आणि ‘ऑर्फन’चा तो धातू? तो संस्कृतातही आला होता. वेदात ‘अर्भ’ म्हणजे लहान, दुबळा; त्यातून ‘अर्भक’, लहानसं मूल. ग्रीकांकडे तो आईबापांविना राहिला, आपल्याकडे आईच्या कुशीत. मराठीने शब्द जसाच्या तसा उचलला. पण आज आपण तो कुठे वापरतो? घरात कुणी “आमचं अर्भक रांगायला लागलं” म्हणत नाही. तिथे बाळ असतं, तान्हं असतं. सरकारी तक्त्यात अर्भक मृत्युदर असतो. आणि मग वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, तालुक्याच्या बातम्यांत: पुलाखाली अर्भक आढळलं, कचराकुंडीजवळ स्त्रीजातीचं अर्भक सापडलं. आईच्या कुशीत असेल तर बाळ, रस्त्यावर असेल तर अर्भक. हजारो वर्षं वेगळ्या वाटेने चालून शब्द निमूटपणे आपल्या ग्रीक भावाजवळ येऊन बसला आहे.

बातमीत पुढे बहुधा एक विशेषणही असतं, ‘बेवारस’. फारसी ‘बे’, अरबी ‘वारिस’. ज्याला वारस नाही ते. दोन दिवसांच्या जिवाला वारस कुठून असणार? तेच तर कुणाचं तरी वारस असतं.